तक्तेवाल्या ताईंची वेबसाइट

जाहिरात शहराच्या बससेवेची होती. थांब्यांवरच्या पाट्या, वेळापत्रकं आणि मार्गांचे नकाशे नव्याने करायचे आहेत, त्यासाठी अनुभवी डिझायनर हवा. वाचता वाचता ताई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. अहो, हे तर कुणीतरी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलंय! मग शेवटची ओळ आली : अर्जासोबत आपल्या कामाच्या वेबसाइटची लिंक जोडावी. ताईंनी कपाळावर हात मारला. वीस वर्षांचं काम होतं, पण ते सगळं माळ्यावरच्या खोक्यांत होतं.

ताईंचं वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही, कारण करावंसं वाटलं नाही, आणि हे उत्तर त्यांनी इतक्या जणांना दिलं होतं की आता कुणी विचारत नव्हतं. ज्या डिझाइन ऑफिसात त्यांची उमेदीची वर्षं गेली तिथे बाकीचे पोस्टरं करायचे, जाहिराती करायचे, बक्षिसं आणायचे. ताईंच्या वाट्याला यायचे तक्ते. दवाखान्यातल्या औषधांच्या वेळा, पाणीपट्टीचं बिल, शेजारच्या गावातल्या बसचं वेळापत्रक. असलं काही आलं की साहेब म्हणायचे, "द्या तक्तेवाल्या ताईंकडे." त्यात वाईट हेतू नव्हता, पण कौतुकही नव्हतं. ताई हसून कागद घ्यायच्या आणि असा तक्ता करायच्या की बघणाऱ्याला बोट ठेवायची गरज पडू नये.

मग साहेब मुलाकडे परदेशी निघून गेले आणि ऑफिसला कुलूप लागलं. ताईंनी इकडेतिकडे अर्ज केले. तोंडावर कुणी वय काढलं नाही, पण "नव्या गोष्टींशी जुळवून घ्याल ना?" हे प्रत्येकाने विचारलं, आणि विचारतानाच उत्तर ठरवून टाकलं. बससेवेची ही जागा गेली तर आपल्यासारख्या माणसाला दुसरी जागा निघणार नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. घरात कुणी त्यांना खायला उठलं नव्हतं. पण सकाळी उठून अंघोळ करून, केस विंचरून, कुठेच जायचं नाही म्हणून परत खुर्चीत बसायचं, याची त्यांना मनापासून भीती वाटायला लागली होती.

घरात माणसं तीन. ताई, त्यांचे वडील आणि वहिनी. दादा कामानिमित्त बाहेरगावी असायचा, महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा. वहिनी खालच्या खोलीत पाळणाघर चालवायची, त्यामुळे घराला दिवसभर दुधाचा आणि पावडरचा वास असायचा. आणि बाबा म्हणजे छपाईखान्यात जन्म काढलेला माणूस. मशीनमधून पहिला कागद बाहेर पडला की तो हातात घ्यायचे, भिंग लावायचे, आणि कुठल्या ओळीत टिंब उडालंय ते सांगून मोकळे व्हायचे. ताईंनी शाळेत असताना केलेलं पहिलं भित्तिपत्रकसुद्धा त्यांनी असंच भिंग लावून तपासलं होतं, आणि तेव्हापासून बाबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ताईंनी कुठलंही काम हातावेगळं केलं नव्हतं.

"वेबसाइट करायचीय ना, कर की," बाबा म्हणाले. "पण एक ऐक. पत्ता स्वतःच्या नावाचा घे. दुसऱ्याच्या पाटीखाली दुकान मांडू नकोस. उद्या त्याने पाटी काढली तर गिऱ्हाइकाने तुला शोधायचं कुठे?"

ताईंनी ऐकलं. आधी स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला. मग प्रश्न आला की त्या पत्त्यावर घर बांधायचं कशाने. आणि इथून पुढे ज्या भानगडीला सुरुवात झाली ती दोन आठवडे संपेना. वेबसाइट बांधून देणाऱ्या इतक्या कंपन्या, इतके प्लॅटफॉर्म! जो तो म्हणतो, आमच्याकडे या, चुटकीसरशी करून देतो. ताई रोज सकाळी एकावर खातं उघडायच्या, पहिलं पान मांडायच्या, संध्याकाळी तोंड वाकडं करून बंद करायच्या.

"काय वन्सं, ठरलं का स्थळ?" वहिनी येता-जाता विचारायची. चिडवायचं असलं की तिच्या तोंडी 'वन्सं' यायचं, एरवी नुसतं 'ताई'. "का याचंही नाकच बसकं आहे?"

"नाक चांगलं आहे. अक्षरं दरिद्री आहेत."

"घ्या! जन्मभर स्थळं नाकारली, आता हीही नाकारा."

असं करता करता तीन उरले, आणि ताईंनी त्यांना नावं ठेवली. पहिला प्लॅटफॉर्म 'नवरी'. उघडल्याबरोबर पानभर फोटो, त्यावरून हळूच सरकणारी पांढरी अक्षरं, बोट लावलं की सगळं लाजल्यासारखं बाजूला व्हायचं. दुसरी 'मंडई'. तिथे जगातले सगळे डिझायनर ओळीने आपापला माल मांडून बसलेले. पण तुमचं काम बघून झालं की खाली लगेच 'असंच आणखी पाहा' म्हणून चार दुसऱ्यांची कामं. म्हणजे दारात आलेलं गिऱ्हाईक आपणच हाताला धरून शेजाऱ्याकडे पोचवायचं! तिसरा 'कोरा'. त्याच्याकडे काहीच नव्हतं. पांढरं पान आणि अक्षरं. नटवायचं तर तुम्हीच नटवा, मांडायचं तर तुम्हीच मांडा. ताईंना तो बघून जरा धडकीच भरली. आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नसेल तर या पानावर ते लगेच उघडं पडेल, असं त्यांना वाटलं.

खरी गोम इथेच होती. दोन आठवडे ताई प्लॅटफॉर्म निवडत होत्या असं वहिनीला वाटत होतं, बाबांना वाटत होतं, खुद्द ताईंनाही वाटत होतं. पण जोवर प्लॅटफॉर्म ठरत नाही तोवर माळ्यावरची खोकी उघडावी लागत नव्हती. आणि उघडल्यावर आत नुसते तक्तेच निघतील, ही धास्ती त्यांच्या पोटात बसली होती.

शेवटी अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा खोकी उतरवणं भाग पडलं. 'नवरी'ला मोठाले देखणे फोटो लागायचे. ताईंनी शोधून शोधून एक अत्तराच्या डबीचं डिझाइन काढलं, जे कधी छापलंच गेलं नव्हतं. एक कॅलेंडर काढलं. एका लग्नाचं आमंत्रण. वेळापत्रकही टाकून पाहिलं, पण 'नवरी' प्रत्येक चित्र चौकोनात कापायची, त्यात सकाळच्या सगळ्या गाड्यांचं मुंडकं उडालं. ताईंनी ते उचलून पार तळाशी टाकलं. तक्ते कोण बघतंय, असं म्हणाल्या आणि अत्तराची डबी पहिल्या पानावर लावली. बससेवेच्या नोकरीसाठी अत्तराची डबी! पण त्या वेळी त्यांना ते खटकलं नाही खरं.

आता निवाडा बाबांचा. आणि छपाईच्या घरात निवाडा कसा होणार? कागदावर. ताईंनी हेच काम बाकी दोन्ही ठिकाणीही मांडलं, तिन्ही वेबसाइटची पानं प्रिंटरवर छापून काढली, बाहेरच्या खोलीत दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीने टांगली. छपाईखान्यात ओले कागद टांगायचे तशी. वहिनी कडेवर एक मूल घेऊन दारात आली आणि बघतच राहिली.

"अहो ताई, वेबसाइट वाळत घातलीत की काय?"

"कागदावर आल्याशिवाय कळत नाही काही," ताई म्हणाल्या. बाबांनीही मान हलवली. या एका बाबतीत बापलेकीचं एकमत होतं. पडद्यावर काय, सगळंच चकाकतं.

बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. डोळे किलकिले केले. हीसुद्धा जुनी रीत होती : लांबून, अर्धे डोळे मिटून पान बघायचं, म्हणजे अक्षरं पुसट होतात आणि काळ्या-पांढऱ्याचं वजन कुठे झुकतंय ते कळतं. मग जवळ जाऊन, भिंग लावून ओळ न् ओळ. त्या दिवशी बाबा लांबूनच बराच वेळ बघत राहिले. मग 'नवरी'कडे बोट केलं.

"ही. हिचं वजन बरोबर बसलंय. बाकीच्या दोन्ही फिक्या आहेत."

"आणि चुका?"

"चूक काही नाही. फर्स्टक्लास."

ताईंना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. बाबांनी चूक काढली नाही! उभ्या जन्मात पहिल्यांदा! भिंग कपाटातच राहिलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी त्याच दिवशी, गुरुवारी, स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर 'नवरी' चढवली, लिंक टाकून अर्ज पाठवून दिला. सोमवारी सकाळी निवड समिती सगळ्यांच्या वेबसाइट उघडून बघणार होती.

"चला, या आनंदात तुमच्या कंपोझिटर काकांकडे जाऊन या," ताई म्हणाल्या. कंपोझिटर काका म्हणजे बाबांचे छपाईखान्यातले, खिळे जुळवणारे दोस्त. पूर्वी बाबा दोन दिवसांआड बसने त्यांच्याकडे जायचे, भांडायचे, हसायचे आणि परत यायचे. हल्ली बंदच झालं होतं.

"गुडघे कुरकुरतात गं," बाबा म्हणाले.

शनिवारी दुपारी पाळणाघरातली मुलं झोपली होती. वहिनी एका हाताने एकाला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने फोन बघत होती. नणंदेची वेबसाइट तिने अजून पाहिली नव्हती, कौतुकाने उघडली. मग तोंडाने आवाज न करता, हातवारे करून तिने ताईंना दारातून आत बोलावलं.

"ताई, हे असंच दिसायला हवंय का?"

ताईंनी फोन हातात घेतला. पडदाभर अत्तराच्या डबीचा एक कोपरा. खाली सरकवलं तर कॅलेंडरचा अर्धा महिना. त्यावर मुंग्यांसारखी करडी अक्षरं, फोटोवर आली की नाहीशी होणारी. आणि तळाशी, पार तळाशी, बोटाच्या नखाएवढं वेळापत्रक. बोटांनी मोठं करायला जावं तर ते हलेना. चित्रच होतं ते, आणि 'नवरी'ने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

दोन आठवडे! दोन आठवड्यांत ताईंनी वेबसाइट कॉम्प्युटरवर पाहिली, कागदावर पाहिली, दोरीवर टांगून पाहिली. आणि जग जिथे वेबसाइट बघतं त्या फोनवर एकदाही पाहिली नाही. त्या तिथेच जमिनीवर, झोपलेल्या मुलांच्या मधोमध बसल्या.

"संपलं," त्या म्हणाल्या. "गेलं छापून."

"छापून?" वहिनी कुजबुजली. "कुठे गेलं?"

"पाठवला ना अर्ज. गेलं ते गेलं. आता ते सोमवारी उघडणार आणि म्हणणार, या बाईला अक्षर वाचता येईल असं लावता येत नाही आणि ही आमच्या पाट्या करणार." ताईंनी फोन जमिनीवर उपडा ठेवला. "मी आयुष्यभर दुसरं काय केलंय गं? एवढंच तर येतं मला."

वहिनीने थोपटणं थांबवलं. "पण ताई, तुम्ही त्यांना कागद कुठे पाठवलाय? पत्ताच पाठवलाय ना? घर तर तुमच्याच ताब्यात आहे. आत जाऊन सामान हलवा की!"

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मशीनवरून उतरलेला कागद परत घेता येत नाही, हे त्या इतक्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या की दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्ता त्यांच्याच नावाचा होता. त्या पत्त्यावर 'नवरी' ठेवा, नाहीतर दुसरं कुणी आणून बसवा, समितीला पत्ता तोच लागणार होता. बाबांचं ऐकलं म्हणून वाचले, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट मनात आली. बाबांनी ही अक्षरं पाहिली होती. बाबांनी! आणि फर्स्टक्लास म्हणाले होते?

त्या फोन घेऊन वर गेल्या. वहिनीही मुलांकडे एक नजर टाकून मागोमाग आली. बाबा खिडकीशी बसले होते.

"बाबा, एवढं वाचा बरं."

बाबांनी फोन घेतला, लांब धरला, डोळे किलकिले केले. "छान आहे."

"छान राहू दे. वाचा. पहिली ओळ."

"चष्मा आत राहिलाय."

"बाबा," वहिनी हळूच म्हणाली, "चष्मा डोळ्यांवर आहे."

बाबांनी हात वर नेऊन चष्म्याला लावला, जणू तो तिथे कुणी आणून ठेवला याचं त्यांना नवल वाटत होतं. मग फोन मांडीवर ठेवला.

"मधोमध डाग पडलाय," बाबा म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. मोठं दिसतं. बारीक बघायला गेलं की तिथेच काळं येतं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"म्हणून काकांकडे जात नाही! गुडघे म्हणे!"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," बाबा पुटपुटले. "गाडीचा नंबर दिसत नाही. दोनदा चुकीच्या गाडीत चढलो. दुसऱ्यांदा कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, आजोबा, पाटी वाचून चढत जा. नको म्हटलं आता."

ताईंना एकदम रडू कोसळलं आणि रागही आला. एकाच वेळी दोन्ही, त्यामुळे धड रडताही येईना आणि धड ओरडताही येईना. "पण सांगितलं का नाहीत? मी काय परकी आहे? आणि माझी पानं न वाचता पास केलीत! माझी नोकरी त्यावर होती, बाबा!"

"सांगितलं असतं तर," बाबा म्हणाले, "तू मला प्रुफं दाखवायची बंद केली असतीस."

म्हाताऱ्या माणसांना औषधांच्या वेळा वाचता याव्यात म्हणून रात्रंदिवस डोकं शिणवणारी बाई, आणि तिच्याच घरात, तिच्याच दोरीसमोर उभा असलेला म्हातारा तिला दिसला नव्हता. त्या बाबांच्या खुर्चीपाशी बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर, त्या बिचाऱ्या निर्दोष गुडघ्यावर डोकं टेकलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "वहिनी, तुझा फोन उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे. आणि बाबा, तुम्ही कुठे जायचं नाही. प्रुफं बघायचीत."

"मला दिसत नाही म्हटलं ना!"

"म्हणूनच."

रविवारी सकाळी ताई 'कोऱ्या'समोर बसल्या. आता धडकी भरली नाही. अत्तराची डबी काढून टाकली, कॅलेंडर काढलं, आमंत्रण काढलं. शेजारच्या गावाचं बसचं वेळापत्रक पहिल्या पानावर घेतलं, आणि चित्र म्हणून चिकटवण्याऐवजी एकेक आकडा पुन्हा टाइप केला, म्हणजे वाचणाऱ्याला हवा तेवढा मोठा करता येईल. मग फोन बाबांच्या हातात दिला.

"दिसतंय?"

"नाही."

ताईंनी अक्षर वाढवलं. "आता?"

"काहीतरी आहे. मुंगळे आहेत."

पुन्हा वाढवलं. काळं आणखी काळं केलं, ओळींमध्ये हवा सोडली. फोनवर मावेना तेव्हा तक्ताच मोडला : आधी सकाळ, मग दुपार, मग संध्याकाळ, एकाखाली एक. बाबांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने बघायला लागले, कोंबडी दाण्याकडे बघते तसे. वहिनी तोंडाला पदर लावून हसली.

"सकाळ," बाबांनी वाचलं. थांबले. "बाजारपेठ. सहा दहा. सहा चाळीस. सात..." एकेक ओळ, एकेक थांबा, ते वाचत गेले. आवाज आधी चाचपडत होता, मग छपाईखान्यातल्यासारखा खणखणीत झाला. दुपार संपवून ते संध्याकाळकडे आले आणि अडले. "थांब, थांब. ही परतीची गाडी निघायच्या आधीच पोचतेय. विमान आहे का?"

ताईंनी वाकून बघितलं. टाइप करताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. "सापडली!" त्या ओरडल्या. "बाबांनी चूक काढली!" आणि चूक सापडली म्हणून त्या घरात इतका आनंद झाला की खालच्या मजल्यावरचं, रविवार असूनही ठेवलेलं एकुलतं एक मूल रडायला लागलं आणि वहिनी धावली.

मग औषधांच्या वेळांचा तक्ता आला, पाणीपट्टीचं बिल आलं. प्रत्येक पान बाबांनी तिरक्या मानेने पास केल्यावरच चढलं. वर फक्त ताईंचं नाव आणि खाली एक ओळ : 'लोकांना लागेल ते, लागेल तेव्हा वाचता यावं, यासाठी मी काम करते.' दुपारी ताईंनी पत्त्याला नव्या घराकडे वळवलं. त्याला काही तास लागतात, असं तिथे लिहिलं होतं. ते काही तास वहिनीने फोन हातातून सोडला नाही.

"अजून नवरीच आहे," ती दर थोड्या वेळाने सांगायची. "अजून नवरीच. ही बया जाते की नाही?" चहा झाला, कपडे घड्या घालून झाले. "गेली! ताई, गेली नवरी! कोरा आला!" ताईंचा जीव भांड्यात पडला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मुलाखतीचा फोन आला. मुलाखतीत समोर तिघं होते. मधल्या बाई बससेवेच्या मुख्य अधिकारी होत्या, त्यांच्यासमोर टेबलावर फोन होता आणि त्यात ताईंचं वेळापत्रक उघडं होतं.

"बाकीच्यांनी आम्हाला चित्रं दाखवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदम वेळापत्रक. आणि अक्षर केवढं मोठं! हे इतकं मोठं कुणासाठी?"

ताईंनी या प्रश्नाचं उत्तर घोकून ठेवलं होतं. त्यात 'वापरकर्ता' हा शब्द होता, 'सुलभता' होता. तोंड उघडलं आणि ते सगळं विसरून गेल्या.

"माझ्या वडिलांसाठी. त्यांना दिसत नाही, आणि ते कुणाला सांगत नाहीत. तुमच्या थांब्यावर उभे असतात."

बाईंनी फोन उचलला आणि शेजारच्या गृहस्थांच्या हातात दिला. ते तो उगाच बराच वेळ बघत बसले. मग बाईंनी विचारलं, "एक तारखेपासून येता येईल?"

मधल्या दिवसांत ताई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गेलेलं परत यायचं नाही, पण उरलेलं टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. "आधी आला असतात तर," असंही म्हणाले, आणि बाबांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. येताना त्यांनी कंपोझिटर काकांना फोन केला आणि पहिली दहा मिनिटं नुसत्या शिव्या खाल्ल्या.

एक तारखेला ताई नव्या नोकरीला निघाल्या. केस विंचरलेले, पिशवीत डबा. बाबाही तयार होऊन दाराशी उभे. "मीही येतो थांब्यापर्यंत. कंपोझिटरकडे जाऊन येतो."

थांब्यावर चांगली गर्दी होती. ऑफिसवाले, शाळेची मुलं, पिशव्या घेतलेल्या बायका. डोक्यावर तीच जुनी गंजकी पाटी, चिमुकल्या अक्षरांची, जी आता ताईंना बदलायची होती. बाबा छाती काढून उभे होते, सगळं दिसत असल्यासारखे. लांबून एक बस वळण घेऊन आली. ताई नंबर सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात थांबल्या. बाबांचा हात त्यांच्या कोपरावर आला होता.

"बघ गं, कुठली आहे ती," बाबा म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं. "मला दिसत नाही."

दोन-तीन माणसं वळली. मागून एक म्हातारी बाई, हातात पिशवी घट्ट धरलेली, पुढे सरकली. "मलाही सांग गं बाई," ती ताईंना म्हणाली. "मलाही दिसत नाही."

ताईंनी दोघांना नंबर वाचून दाखवला.